पाऊस ‘हेविली’ का पडतो?



एका नदीच्या काठी दोन शाळा आहेत. एक डोंगराच्या पायथ्याशी, नदीच्या वरच्या अंगाला. दुसरी तिच्या खाली दहा-बारा किलोमीटरवर. दोन्ही शाळांच्या विज्ञान मंडळांनी मिळून पाऊस मोजण्याचा उपक्रम सुरू केला. वरच्या शाळेतील मुलांनी रोज सकाळी साडेआठ वाजता पर्जन्यमापकातील पाणी मोजायचे आणि खालच्या शाळेला संदेश पाठवायचा, असे ठरले. इंग्रजीचाही सराव व्हावा म्हणून संदेश इंग्रजीत लिहायचा.

जुलै महिन्यातील एका सकाळी संदेश आला, ‘इट रेन्ड हार्डली हिअर लास्ट नाइट.’ घाईत आकडा लिहायचा राहून गेला होता. खालच्या शाळेतील सातवीचा वर्ग त्या दिवशी वनस्पती गोळा करण्यासाठी नदीपलीकडे जाणार होता. वाटेत एक फरशी ओलांडावी लागे. गुरुजींनी संदेश वाचला आणि त्याचा अर्थ लावला, ‘काल रात्री वर जेमतेमच पाऊस झाला.’ इकडे तर स्वच्छ ऊन पडले होते. मुले डबे घेऊन निघाली.

फरशीजवळ गुरे राखणारे एक आजोबा बसले होते. ते म्हणाले, “गुरुजी, पाण्याचा रंग बघितलात का? सकाळी नितळ होतं. आता लाल माती येतीय वरनं. पोरांना पलीकडं नेऊ नका.” गुरुजी थबकले. त्यांनी वरच्या शाळेत दूरध्वनी करून आकडा विचारला. उत्तर आले, “बाण्णव मिलिमीटर, सर!” तास-दीड तासातच फरशीवरून पाणी वाहू लागले.

पुढे तो उपक्रम पाहायला गेलो असता ही हकिकत मला ऐकायला मिळाली. संदेश लिहिणारा मुलगा हुशार होता. त्याला म्हणायचे होते, ‘रात्री जोराचा पाऊस झाला.’ ‘हार्ड’ म्हणजे जोराचा हे त्याला ठाऊक होते. क्रियाविशेषण करायचे तर शब्दाला ‘ली’ जोडायचे, हा नियमही पाठ होता. म्हणून त्याने ‘हार्डली’ लिहिले आणि अर्थ नेमका उलटा झाला!

तेव्हा आज आपण एकच साधे इंग्रजी क्रियापद घेऊ. ते म्हणजे ‘टु रेन’, पाऊस पडणे. त्याच्याशी कोणत्या क्रियाविशेषणांची जोडी जमते, कोणत्यांची जमत नाही, आणि त्या प्रत्येक शब्दामागे मोजता येण्यासारखे काय दडलेले असते, हे पाहू.

शब्दांच्याही जोड्या असतात

क्रियापदाविषयी अधिक माहिती सांगणारा शब्द म्हणजे क्रियाविशेषण, हे तुम्ही व्याकरणात शिकलाच आहात. क्रिया कशी घडली, केव्हा घडली, किती प्रमाणात घडली, हे तो सांगतो. पण व्याकरणाच्या पुस्तकात एक गोष्ट सहसा सांगितलेली नसते. ती ही की, कोणतेही क्रियाविशेषण कोणत्याही क्रियापदाला चालते असे नाही.

आपल्या मराठीतच पाहा. आपण ‘खळखळून हसतो’ आणि ‘हमसून हमसून रडतो’. कोणी ‘हमसून हमसून हसला’ असे म्हटले, तर त्यात व्याकरणाची चूक दाखवता येणार नाही, पण ऐकणारा चमकून पाहील. पावसाचेही तसेच. मराठीत पाऊस धो धो पडतो, रिमझिम पडतो, भुरभुर पडतो, मुसळधार कोसळतो. गंमत अशी की, यांतील बरेचसे शब्द पावसाच्या आवाजावरून किंवा रूपावरून आलेले आहेत. ‘धो धो’ आणि ‘रिमझिम’ हे कानाला ऐकू येतात. ‘मुसळधार’ हा तर डोळ्यांना दिसतो, कारण त्यात मुसळाएवढ्या जाड धारा आहेत.

इंग्रजीत ही सोय वेगळ्या रीतीने केलेली आहे. आधी एक छोटा फरक ध्यानात घ्या. मराठीत ‘पाऊस’ हे नाम आणि ‘पडला’ हे क्रियापद, असे दोन शब्द लागतात. इंग्रजीत पाऊस आणि पडणे ही दोन्ही कामे ‘रेन’ हे एकटे क्रियापद करते. मग वाक्याला कर्ता कोण? कर्त्याची जागा भरण्यासाठी ‘इट’ हा शब्द बसवतात. ‘इट रेन्ड’ एवढे म्हटले की ‘पाऊस पडला’ हे वाक्य पूर्ण झाले. या ‘इट’चा अर्थ ‘तो’ किंवा ‘ते’ असा काही होत नाही. आता ‘कसा पडला’ हे सांगायला मागून क्रियाविशेषण येते.

‘हेविली’ हा वजनाचा शब्द

‘जोराचा पाऊस पडला’ याचे इंग्रजी करताना पुष्कळ विद्यार्थी ‘इट रेन्ड स्ट्राँगली’ असे लिहितात. जोर म्हणजे ताकद आणि ताकद म्हणजे ‘स्ट्राँग’, असा त्यांचा हिशेब असतो. काही जण ‘मोठा पाऊस’ डोळ्यांपुढे ठेवून ‘बिग रेन’ लिहितात. दोन्ही वाक्ये इंग्रज माणसाच्या कानाला खटकतील. तो म्हणेल, ‘इट रेन्ड हेविली.’ ‘हेवी’ म्हणजे जड, वजनदार. म्हणजे शब्दशः पाऊस ‘जडपणे’ पडला!

ही इंग्रजी भाषेची सवय आहे, आणि सवयीला दर वेळी कारण विचारता येत नाही. पण ही जोडी लक्षात ठेवायला विज्ञान आपल्याला छान मदत करते. पाऊस खरोखरच किती जड असतो, ते मोजून पाहू.

समजा, एक मीटर लांब आणि एक मीटर रुंद अशा सपाट जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला. पाणी वाहून गेले नाही, मुरले नाही आणि त्याची वाफही झाली नाही, तर तेथे एक मिलिमीटर उंचीचा पाण्याचा थर साचेल. एक मीटर गुणिले एक मीटर गुणिले ०.००१ मीटर, म्हणजे ०.००१ घनमीटर. हे झाले बरोबर एक लिटर पाणी. एक लिटर पाण्याचे वस्तुमान जवळजवळ एक किलोग्रॅम असते. तेव्हा हे सूत्र पाठच करून टाका: एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दर चौरस मीटरवर एक लिटर, अर्थात एक किलोग्रॅम पाणी.

आता तुमच्या वर्गाचे छप्पर दहा मीटर लांब आणि सहा मीटर रुंद आहे असे धरा. त्याचे क्षेत्रफळ ६० चौरस मीटर. त्या रात्री वरच्या शाळेत ९२ मिलिमीटर पाऊस झाला होता. म्हणजे एका वर्गाच्या छपरावर ५,५२० किलोग्रॅम, साडेपाच टन पाणी पडले. एका चौरस किलोमीटरवर हेच पाणी ९२ हजार टन भरते. डोंगरउताराचा केवळ दहा चौरस किलोमीटरचा भाग धरला, तरी ९ लाख २० हजार टन! यातले काही जमिनीत मुरले असेल, पण उरलेले कोठे गेले? फरशीकडेच निघाले होते. आता ‘हेविली’ हा शब्द तुम्ही विसराल का?

वारा मात्र ‘स्ट्राँगली’ वाहतो

मग ‘स्ट्राँगली’ हा शब्द कोणाच्या वाट्याला आला? वाऱ्याच्या. वारा वाहणे याला इंग्रजीत ‘टु ब्लो’ हे क्रियापद आहे. ‘द विंड ब्लू स्ट्राँगली’ हे वाक्य अगदी योग्य. वारा आपल्याला ढकलतो, झाडाच्या फांद्या वाकवतो, छत्री उलटी करतो. तेथे ताकदीचा शब्द शोभतो. वारा ‘हेविली’ मात्र वाहत नाही.

इंग्लंडच्या आरमारातील अधिकारी फ्रान्सिस बोफर्ट यांनी १८०५ च्या सुमारास वाऱ्याच्या जोरासाठी एक मापनश्रेणी तयार केली. ती पुढे सुधारत गेली आणि आजही वापरात आहे. तिच्यात तिसऱ्या पायरीवरच्या वाऱ्याला ‘जेंटल’ म्हणजे सौम्य, आणि सहाव्या पायरीवरच्या वाऱ्याला ‘स्ट्राँग’ म्हणजे जोरदार हे विशेषण आहे. सहाव्या पायरीवर वाऱ्याचा वेग ताशी सुमारे ३९ ते ४९ किलोमीटर असतो आणि छत्री धरून चालणे अवघड होते. पाहा, विशेषण आणि वेग यांची किती पक्की गाठ मारलेली आहे!

‘हार्ड’ आणि ‘हार्डली’

आता त्या फसव्या जोडीकडे वळू. ‘हेवी’पासून ‘हेविली’, ‘लाइट’पासून ‘लाइटली’, ‘स्टेडी’पासून ‘स्टेडिली’ ही क्रियाविशेषणे ‘ली’ लावून झाली. पण काही शब्द असे आहेत की, ते रूप न बदलता विशेषण आणि क्रियाविशेषण अशी दोन्ही कामे करतात. ‘फास्ट’ हा तसा एक शब्द. ‘ही रन्स फास्ट’ असे म्हणतात, ‘फास्टली’ असा शब्दच नाही. ‘हार्ड’ हा दुसरा. तेव्हा ‘जोराचा पाऊस झाला’ याला ‘इट रेन्ड हार्ड’ हे वाक्य पुरेसे आहे.

‘हार्डली’ हा शब्द इंग्रजीत आहे, पण त्याचा संसार निराळा. त्याचा अर्थ ‘जेमतेम’, ‘जवळजवळ नाहीच’. त्याची जागाही वेगळी असते. ‘हार्ड’ क्रियापदाच्या मागून येतो, तर ‘हार्डली’ क्रियापदाच्या आधी. ‘इट रेन्ड हार्ड’ म्हणजे जोरात पडला. ‘इट हार्डली रेन्ड’ म्हणजे पडला न पडल्यासारखा. एका ‘ली’मुळे ९२ मिलिमीटरचे जवळजवळ शून्य मिलिमीटर होतात!

‘हेविली’ आणि ‘हार्ड’ यांचा अर्थ ढोबळमानाने एकच आहे. पण पहिल्यात वजनाचे चित्र आहे, दुसऱ्यात आघाताचे. हा आघातही थोडा समजून घेऊ. अर्धा मिलिमीटर व्यासाचा बारीक थेंब सेकंदाला सुमारे २ मीटर वेगाने जमिनीवर येतो. पाच मिलिमीटर व्यासाचा टपोरा थेंब सुमारे ९ मीटर वेगाने येतो. व्यास दहापट, म्हणून वस्तुमान हजारपट. वेग साडेचारपट, आणि गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात, म्हणून आणखी वीसपट. दोन्ही मिळून मोठ्या थेंबाची ऊर्जा लहान थेंबाच्या जवळजवळ वीस हजारपट होते. असे थेंब उघड्या जमिनीवर आदळले की मातीचे कण उडतात, सुटे होतात आणि पाण्याबरोबर वाहू लागतात. आजोबांनी पाहिलेली लाल माती ती हीच.

हलका पाऊस ‘स्लोली’ पडत नाही

‘हळूहळू पाऊस पडत होता’ असे आपण मराठीत सहज म्हणतो. त्याचे ‘इट वॉज रेनिंग स्लोली’ असे भाषांतर करू नका. येथे इंग्रजीला ‘लाइटली’ किंवा ‘जेंटली’ हवे. ‘लाइट’ म्हणजे हलका, ‘हेवी’च्या बरोबर उलटा. म्हणजे येथेही तराजू सुटलेला नाही.

आता तुमच्यापैकी एखादा चौकस विद्यार्थी विचारील, “पण बारीक थेंब खरोखरच हळू पडतात, हे तुम्हीच आता सांगितले ना? मग ‘स्लोली’ का चालू नये?” शंका रास्त आहे. विज्ञानाच्या दृष्टीने ते खरे आहे, पण भाषेने ती जोडी स्वीकारलेली नाही. शब्दांच्या जोड्या तर्काने ठरत नाहीत, वापराने ठरतात. तर्क आपल्याला त्या लक्षात ठेवायला मदत करील, पण नव्या जोड्या आपल्या मनाने जुळवून देणार नाही. त्या ऐकून आणि वाचूनच शिकाव्या लागतात.

अखंड की थांबून थांबून?

पाऊस किती पडला हे सांगून झाले. तो सलग पडला की तुटक, हे सांगणारे शब्द आता पाहू.

आकाशभर करड्या ढगांचा जाड थर पसरतो आणि तासन्‌तास एकाच लयीत पाऊस पडत राहतो. अशा ढगांना ‘निंबोस्ट्रॅटस’ म्हणतात. हा पाऊस ‘स्टेडिली’ पडतो. ‘स्टेडी’ म्हणजे स्थिर, न डगमगणारा. आपली ‘संततधार’ येथे चांगली बसते. जोर मोठा असो वा मध्यम, तो फारसा बदलत नाही, हे ‘स्टेडिली’ सांगते.

याउलट, उंच मनोऱ्यासारखे वाढणारे ‘क्युम्युलोनिंबस’ ढग आले की एक जोराची सर येते, पाऊस थांबतो, थोड्या वेळाने दुसरी सर येते. अशा तुटक पावसासाठी ‘इंटरमिटंटली’ हा शब्द आहे. हवामानाची नोंद करणारे निरीक्षकही पाऊस अखंड आहे की खंडित, हा भेद नोंदवतात.

येथे दोन जुळी भावंडे सांभाळा. ‘कंटिन्युअसली’ म्हणजे मध्ये जराही खंड न पडता. ‘कंटिन्युअली’ म्हणजे वारंवार, पुन्हा पुन्हा, पण मधून मधून थांबून. दोहोंत अंतर थोडे आहे, म्हणूनच जपून लिहावे. आणि ‘इन्सेसंटली’ हा तिसरा शब्द थांबण्याचे नाव न घेणाऱ्या पावसाला लावतात. त्यात बहुधा ऐकणाऱ्याचा कंटाळाही मिसळलेला असतो. आठवडाभर झड लागली, कपडे वाळेनात, तेव्हा हा शब्द आठवावा.

‘टॉरेन्शिअली’ हाही पावसाचा जुना सोबती. ‘टॉरेंट’ म्हणजे वेगाने उसळत वाहणारा लोंढा. ‘इट रेन्ड टॉरेन्शिअली’ म्हणताच आपला मुसळधार पाऊस समोर उभा राहतो. पण वहीत नोंद करताना हा शब्द बेताने वापरा, कारण तो चित्र दाखवतो, प्रमाण सांगत नाही.

आणखी एक चूक नेहमी आढळते. ‘खूप पाऊस पडला’ याचे काही जण ‘इट व्हेरी रेन्ड’ असे करतात. ‘व्हेरी’ हा शब्द क्रियापदाला थेट चिकटत नाही. त्याला मध्ये आधार लागतो. ‘इट रेन्ड व्हेरी हेविली’ किंवा ‘इट रेन्ड व्हेरी हार्ड’ असे म्हणा. आधार नको असेल तर ‘इट रेन्ड अ लॉट’ म्हणा.

शब्दामागचा आकडा

एकाला ‘हेविली’ वाटलेला पाऊस दुसऱ्याला ‘लाइटली’ वाटेल. कोकणातील मुलगा ज्याला साधी सर म्हणेल, त्यावर माण तालुक्यातील मुलगा कदाचित आनंदाने नाचेल. मग शब्दाला अर्थ काय उरला?

हा प्रश्न सोडवायचा तर शब्दामागे आकडा हवा. इंग्लंडमध्ये जॉर्ज जेम्स सायमन्स या तरुणाने १८६० मध्ये देशभरातील पावसाच्या नोंदी एकत्र करून प्रसिद्ध करण्यास सुरुवात केली. हौशी निरीक्षक आपापल्या आवारात पाऊस मोजून त्यांना आकडे पाठवीत. एकोणिसावे शतक संपेपर्यंत अशा निरीक्षकांची संख्या तीन हजारांवर गेली. सर्वांची मोजण्याची रीत सारखी असेल, तरच एका गावाचा पाऊस दुसऱ्या गावाच्या पावसाशी ताडून पाहता येतो, हे सायमन्स यांनी ओळखले होते.

आपल्या देशात भारतीय हवामान खाते १८७५ मध्ये स्थापन झाले. खात्याच्या इंग्रजी पत्रकांत पावसाची जी विशेषणे येतात, त्यांच्या मर्यादा आखलेल्या आहेत. सकाळी साडेआठपासून दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठपर्यंतच्या चोवीस तासांचा पाऊस त्यासाठी धरतात:

‘व्हेरी लाइट’: ०.१ ते २.४ मिलिमीटर
‘लाइट’: २.५ ते १५.५ मिलिमीटर
‘मॉडरेट’: १५.६ ते ६४.४ मिलिमीटर
‘हेवी’: ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर
‘व्हेरी हेवी’: ११५.६ ते २०४.४ मिलिमीटर
‘एक्स्ट्रीमली हेवी’: २०४.५ मिलिमीटर आणि त्याहून अधिक

पत्रकात ‘हेवी रेन’ असे विशेषण येते, आणि तुमच्या वाक्यात ‘इट रेन्ड हेविली’ असे क्रियाविशेषण होते. जोडी तीच, रूप बदलले. ‘व्हेरी’ आणि ‘एक्स्ट्रीमली’ हे शब्द येथे नुसते अलंकार नाहीत. त्या मोजलेल्या पायऱ्या आहेत. बातमीत ‘व्हेरी’ हा शब्द ऐकलात, तर तो वाऱ्यावर सोडू नका. त्यामागे किमान ११५.६ मिलिमीटर उभे आहेत.

मात्र एक गोष्ट विसरू नका. हे कोष्टक चोवीस तासांसाठी आहे. अर्ध्या तासात ३० मिलिमीटर पाऊस झाला, तर रस्त्यावर गुडघाभर पाणी साचू शकते. पण पुढे दिवसभर पाऊस झाला नाही, तर कोष्टकात तो दिवस ‘मॉडरेट’च राहील. म्हणून नुसते ‘इट रेन्ड हेविली’ लिहून थांबू नये. किती वेळ आणि किती मिलिमीटर, हेही लिहावे. एका तासात १०० मिलिमीटर किंवा त्याहून अधिक पाऊस थोड्या क्षेत्रात कोसळला, तर त्याला ढगफुटी म्हणतात, ती याच वेळेच्या हिशेबामुळे.

एकच शहर, दोन पाऊस

मुंबईतील २६ जुलै २००५ चा दिवस तुमच्या घरातील वडीलधाऱ्यांना आठवत असेल. त्या चोवीस तासांत सांताक्रूझ येथील वेधशाळेत ९४४.२ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. तेथून वीस-पंचवीस किलोमीटरवर असलेल्या कुलाब्याच्या वेधशाळेत त्याच काळात ७३.४ मिलिमीटर पाऊस झाला. कोष्टकात पाहा. कुलाब्याचा पाऊस ‘हेवी’, तर सांताक्रूझचा ‘एक्स्ट्रीमली हेवी’ या पायरीच्याही चौपटीहून अधिक!

त्या दिवशी कुलाब्याला राहणाऱ्या मनुष्याने ‘इट रेन्ड हेविली इन मुंबई’ असे लिहिले असते, तर ते खोटे नव्हते. पण ते वाचून सांताक्रूझची कल्पना कोणाला आली असती का? तेथे आपल्या साठ चौरस मीटरच्या छपरावर छप्पन्न टनांहून अधिक पाणी पडले असते. त्या पुरात आणि दरडी कोसळून शेकडो माणसे दगावली. शब्द बरोबर असूनही अपुरा पडतो, तो असा.

आणखी मोठे आकडे हवेत? मेघालयातील चेरापुंजीला जून १९९५ मध्ये एका दिवसात १,५६३ मिलिमीटर पाऊस झाला. हिंदी महासागरातील रियुनियन बेटावर जानेवारी १९६६ मध्ये चोवीस तासांत १,८२५ मिलिमीटर पाऊस पडल्याची नोंद आहे. उंच माणूसही उभ्याउभ्या बुडेल एवढी ही पाण्याची उंची!

करून पाहा

तुम्हालाही अशी नोंद घरी ठेवता येईल. तळापासून तोंडापर्यंत सारख्याच रुंदीचा, सरळ कडांचा एक पत्र्याचा डबा घ्या. तो उघड्या जागी सपाट ठेवा. वाऱ्याने कलंडू नये म्हणून भोवती विटा लावा. जवळच्या झाडापासून किंवा भिंतीपासून तो त्यांच्या उंचीच्या निदान दुप्पट अंतरावर असावा. रोज सकाळी साडेआठ वाजता फूटपट्टी उभी बुडवून पाण्याची उंची मिलिमीटरमध्ये मोजा. मग पाणी ओतून डबा पुन्हा जागेवर ठेवा.

डबा रुंद घेतला तर आकडा वाढेल का? विचार करा. तोंड रुंद झाले म्हणून पाणी अधिक येईल हे खरे, पण ते पसरायला तळही तेवढाच रुंद आहे. म्हणून उंची तीच राहील.

वहीत चार रकाने आखा. तारीख, मिलिमीटर, पाऊस किती वेळ पडला आणि एक इंग्रजी वाक्य. वाक्यातील क्रियाविशेषण आकड्याशी जुळते की नाही, ते रोज पडताळून पाहा. महिनाभरात या जोड्या पाठ न करताच तुमच्या जिभेवर बसतील.

स्वाध्याय

पुढील प्रसंगांसाठी योग्य क्रियाविशेषण निवडा.

१. रात्रभर वारा जोराने वाहत होता. ‘हेविली’ की ‘स्ट्राँगली’?
२. डब्यात जेमतेम तळ ओला झाला होता. ‘हार्ड’ की ‘हार्डली’?
३. सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकाच लयीत पाऊस पडला. ‘स्टेडिली’ की ‘इंटरमिटंटली’?
४. चोवीस तासांत १३० मिलिमीटर पाऊस झाला. ‘हेविली’ की ‘व्हेरी हेविली’?
५. बारीक थेंबांचा थोडासा पाऊस झाला. ‘स्लोली’ की ‘लाइटली’?

उत्तरे: १. ‘स्ट्राँगली’. २. ‘हार्डली’, आणि तोही क्रियापदाच्या आधी. ३. ‘स्टेडिली’. ४. ‘व्हेरी हेविली’. ५. ‘लाइटली’.

त्या दोन शाळांचा उपक्रम अजून चालू आहे. संदेश लिहिणाऱ्या मुलाला कोणी रागावले नाही. उलट, त्यानेच पुढे एक नियम सुचवला आणि दोन्ही शाळांनी तो मान्य केला. संदेशात आधी आकडा लिहायचा, मग वेळ आणि शेवटी शब्द. मी गेलो त्या दिवशीचा संदेश फळ्यावर लिहिलेला होता. त्याचा मराठी अर्थ असा: ‘७१ मिलिमीटर. रात्री दहा ते पहाटे चार. जोराचा पाऊस झाला.’ शेवटचे वाक्य इंग्रजीत होते, ‘इट रेन्ड हेविली.’ त्याखाली खालच्या शाळेतील कोणीतरी खडूने मराठीत लिहिले होते, ‘आज फरशीवर जायचे नाही.’